प्रथमोपचाराच्या पिशवींतील सुरी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तो आतां रुग्णवाहिकेवर परिचारकाचें काम शिकत आहे. बोलतां बोलतां त्यानें खिशांतून एक सुरी काढून आमच्या मेजावर ठेविली. पातें काळेभोर, दोन्ही बाजूंस धार, टोंक सुईसारखें अणकुचीदार. आणि मुठीवरील कळ दाबतांच पातें सपकन् बाहेर येई. "सर, अपघाताच्या वेळीं ही उपयोगी पडेल ना?" असें त्यानें मोठ्या उत्साहानें विचारलें. सुरी देखणी होती. पदरचे बरेच पैसे त्यानें तिच्यापायीं खर्चिले होते. त्याचा हेतु तर निर्मळ होता यांत शंकाच नव्हती. तरीही उत्तर देतांना आम्हांस संकोच वाटला. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरांत खुपसून घेत नाहीं, ही आपली जुनी म्हण त्या वेळीं आम्हांस आठवली.

आमच्या मनांत दोन प्रश्न उभे राहिले. ही सुरी रुग्णास वाचवील काय? आणि ती बाळगणारा स्वतः कायद्याच्या कचाट्यांतून वाचेल काय? प्रथमदर्शनीं हे प्रश्न अगदीं वेगळे वाटतात. परंतु थोडा विचार केल्यावर असें दिसून आलें कीं, दोहोंचें उत्तर बव्हंशीं एकच आहे. तें कसें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम काम कोणतें तें पाहूं, कारण कामावरून हत्यार ठरतें. हत्यारावरून काम ठरवूं गेल्यास फसगत होते. अपघाताच्या जागीं परिचारकास काय कापावें लागतें? मोटारींतील आसनपट्टा अडकून बसला असेल तर तो. जखम दिसावी म्हणून अंगावरील सदरा, विजार वा साडी. सुजलेल्या पायांतील बूट. पाठीवरच्या पिशवीचे बंद. बैलगाडीच्या वा नावेच्या दोरांत हात गुरफटला असेल तर तो दोर. आणि संक्रांतीच्या सुमारास गळ्याभोवतीं आवळलेला नायलॉनचा मांजा. या घातक मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली. ही यादी नीट वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. जें कापावयाचें तें सर्व कापड, कातडें, पट्टा वा दोर आहे. मनुष्याचें शरीर त्यांत कोठेंच नाहीं. शरीरावर शस्त्र चालविणें हें शस्त्रवैद्याचें काम. तें रुग्णालयांत, निर्जंतुक केलेल्या निराळ्या शस्त्रांनीं होतें. परिचारकाच्या सुरीचें पहिलें कर्तव्य कापणें हें नसून, जें कापावयाचें नाहीं तें न कापणें हें होय.

हें नुसतें सांगून त्या तरुणाचें समाधान होईना. तेव्हां आम्ही एक प्रयोग केला. भंगारवाल्याकडून जुन्या मोटारीचा आसनपट्टा आणविला. हा पट्टा सुमारें दोन इंच रुंद असून पॉलिएस्टरच्या धाग्यांनीं घट्ट विणलेला असतो. भरधाव मोटार एकाएकीं थांबली असतां माणसाचा सारा भार तोलून धरण्यासाठींच तो बनविलेला असतो. एका मोठ्या तांबड्या भोपळ्यास जुना सदरा चढवून तो बाकावर ठेविला, व त्यावरून हा पट्टा आवळून बांधला. मग त्या तरुणास सांगितलें, "हा तुझा रुग्ण. आतां याची सुटका कर."

त्यानें कळ दाबली, पट्ट्याखालीं टोंक सरकविलें आणि जोरानें वर ओढलें. पट्टा तुटला खरा. पण सदरा दूर करून पाहतों तों भोपळ्यास बोटभर लांब व चांगलीच खोल चीर पडलेली! सभोंवार जमलेलीं मुलें प्रथम हंसलीं आणि लगेच गप्प झालीं. त्या तरुणाचाही चेहरा उतरला. आसनपट्टा कोठून जातो? खांद्यावरून, मानेच्या अगदीं जवळून, छातीवरून व पोटावरून. त्या ठिकाणीं भोपळ्याऐवजीं मनुष्य असता तर काय झालें असतें, हें कोणासही फोड करून सांगावें लागलें नाहीं. त्यानंतर बोथट टोंकाच्या सुरीनें, रुग्णवाहिकेंतील कात्रीनें आणि आंकड्याच्या आकाराच्या पट्टाकापणीनें तोच प्रयोग केला. पट्टा तिन्ही वेळां तुटला. भोपळ्यास मात्र ओरखडाही उठला नाहीं.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: टोंक बोथट असावें. अशा सुरीचें पातें नाकाकडे आडवें छाटल्यासारखें किंवा गोलसर उतरतें असतें. धार सरळ, पाठ जाड, आणि टोंचण्यासारखें कांहीं नाहीं. ही युक्ति नवी नव्हे. शिडाच्या जहाजांवरील खलाशी फार पूर्वींपासून अशाच सुऱ्या वापरीत आले. डोलणाऱ्या डेकवर दोर कापतांना तोल गेला तरी सुरी स्वतःच्या वा शेजाऱ्याच्या अंगांत घुसूं नये, हें त्यांतील एक इंगित होतें. अपघातग्रस्त मोटारीची स्थिति वादळांतील जहाजाहून फारशी निराळी नसते. जागा अपुरी, उजेड कमी, हात रक्तानें वा पावसानें ओले, रुग्ण वेदनेनें तळमळत असलेला. अशा वेळीं उत्तम हस्तकौशल्यावर विसंबून राहण्यापेक्षां निरुपद्रवी टोंकावर विसंबणें शहाणपणाचें.

दुसरा विचार धारेचा. धार दोन प्रकारची असते, सपाट व दातेरी. सपाट धार भाजी चिरावयास उत्तम व पाजळावयासही सोपी. परंतु आसनपट्टा किंवा ओला दोर यांचे धागे गुळगुळीत व चिवट असल्यामुळें थोडी बोथटलेली सपाट धार त्यांवरून घसरते. दातेरी धारेचे दांते धाग्यांस अडकवून धरतात, आणि सुरी ओढतांच ते एकामागून एक तुटत जातात. करवत लांकडांत चालते तसाच कांहींसा हा प्रकार. म्हणून सुटकेच्या सुरीस पूर्ण किंवा निम्मी दातेरी धार असावी. मात्र दांते बोथट झाले तर घरच्या सहाणेवर त्यांस धार लावतां येत नाहीं, हें लक्षांत ठेवून ती सुरी इतर कामांस वापरूं नये. रुग्णवाहिकेंतील सुरीनें पेरू कापून खाणारा परिचारक ऐन वेळीं पट्ट्याशीं झटत बसतो.

तिसरा विचार धातूचा. इंग्लंडमधील शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यांनीं १९१३ सालीं न गंजणारें पोलाद तयार केलें. अशा पोलादांत क्रोमियम या धातूचें प्रमाण शेंकडा साडेदहा वा अधिक असतें. हवेशीं संयोग होऊन क्रोमियमचा एक अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो व तोच आंतील लोखंडाचें गंजापासून रक्षण करतो. साधें पोलाद धारेस चांगलें असलें, तरी रक्त, घाम, पाऊस व कोंकणची खारी हवा यांपुढें तें टिकत नाहीं. म्हणून सुटकेची सुरी न गंजणाऱ्या पोलादाचीच घ्यावी. तथापि "न गंजणारें" याचा अर्थ "कधींच न गंजणारें" असा कोणीं समजूं नये. रक्ताचे डाग निर्जंतुक करण्यासाठीं जें क्लोरिनयुक्त द्रावण वापरतात, तें पात्यावर फार वेळ राहिल्यास हेंही पोलाद खातें. तेव्हां वापरानंतर सुरी प्रथम साबण-पाण्यानें धुवावी, मग जंतुनाशक लावावें, नेमून दिलेल्या वेळानंतर स्वच्छ पाण्यानें खळबळून काढावें आणि कोरडी करून ठेवावी.

पातें किती लांब असावें? दोन इंचांच्या पट्ट्यास तीन इंचांची धार पुरेशी होते. त्याहून लांब पात्यानें काम अधिक होत नाहीं, धोका मात्र वाढतो. मिटणारी सुरी घ्यावयाची तर ती एका हातानें, रबरी मोजे घातलेले असतांही उघडतां आली पाहिजे, आणि कापतांना पातें बोटांवर मिटूं नये म्हणून तें पक्कें अडकणारें असावें. मुठीस खरबरीतपणा असावा व रंग तांबडा, पिंवळा किंवा नारिंगी असावा. काळी सुरी रात्रीं गवतांत पडली म्हणजे सांपडत नाहीं, आणि ती पाहून रुग्णाचें कुटुंबही दचकतें. मिटणाऱ्या सुरीच्या सांध्यांत रक्त व घाण अडकून राहते. तेव्हां जी उघडून आंतून धुतां येते तीच पसंत करावी.

इतकें वर्णन केल्यावर आम्हांस प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, परिचारकाच्या हातीं सुरीपेक्षां कात्रीच अधिक वेळां शोभते. रुग्णवाहिकेंतील कात्री शिंप्याच्या कात्रीहून वेगळी असते. तिचीं पातीं मुठीशीं कोन करून वळलेलीं असतात आणि खालच्या पात्याच्या टोंकास चपटी, गुळगुळीत जिव्हा असते. ही जिव्हा कातडीवरून सरकत जाते, कापड वर उचलते आणि धार रुग्णाकडे कधींच तोंड करीत नाहीं. जाड विजार, कातडी पट्टा, बुटाचें कातडें हें सर्व ती कापते. नवखा मनुष्यही थोड्या सरावानें ती निर्धास्तपणें चालवूं शकतो. आंकड्याच्या आकाराची पट्टाकापणी हें दुसरें उपयुक्त साधन. तिचें पातें एका अरुंद खांचेंत लपलेलें असतें. खांचेंत पट्टा शिरतो, बोट शिरत नाहीं. पट्टा ताणून धरून ती थोडी तिरपी ओढली म्हणजे काम झालें. आमच्या मतें पिशवी भरतांना प्रथम कात्री, मग ही पट्टाकापणी, आणि तिसऱ्या क्रमांकास बोथट टोंकाची सुरी असा क्रम ठेवावा. पहिल्या दोहोंनीं काम भागत असेल तर तिसरीची गरजच नाहीं.

कांच फोडण्याविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळ सुऱ्यांच्या मुठीस कांच फोडण्याचें टोंक बसविलेलें असतें. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची कांच बहुधा कठीण केलेली असते. कारखान्यांत ती ६०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापवून हवेच्या झोतानें एकदम थंड करितात. तेणेंकरून तिचा पृष्ठभाग दाबाखालीं व अंतर्भाग ताणाखालीं राहतो. अशी कांच मुठीच्या ठोशानें सहसा फुटत नाहीं. पण कोंपऱ्याजवळ अतिकठीण धातूचें बारीक टोंक आपटलें तर क्षणार्धांत तिचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. पुढची कांच मात्र निराळी. दोन कांचांमध्यें चिवट प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवून ती बनवितात; तिला तडे जातात, पण ती कोसळत नाहीं. कित्येक नव्या मोटारींत बाजूच्या कांचाही अशाच असतात. तेव्हां प्रथम दार व खिडकी उघडते काय तें पाहावें. न उघडल्यास रुग्णापासून सर्वांत दूरची खिडकी निवडावी, शक्य तर त्याचें तोंड कांबळ्यानें झांकावें आणि मगच आघात करावा. सुरीच्या पात्यानें कांचेवर मारणें हा वेडेपणा होय. पातें मोडतें आणि हात कापतो.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या देशांत १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचींत तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन व भाला यांच्या पंक्तीस सुऱ्याही बसविल्या असून, ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्याची मर्यादा तेथें सांगितली आहे. आणि घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीं घडविलेलीं हत्यारें तींतून वगळलीं आहेत. घरची विळी किंवा शेतकऱ्याचा कोयता यांस कोणी परवाना मागत नाहीं तो यामुळेंच. तीन इंचांची, बोथट टोंकाची, उघड उघड सुटकेसाठीं घडविलेली सुरी या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे राहते. उलट, दुधारी व अणकुचीदार पात्यास खंजीर म्हणावयास कोणाही अधिकाऱ्यास फार वेळ विचार करावा लागणार नाहीं.

पण केवळ लांबी मोजून भागत नाहीं. महाराष्ट्रांत १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वयें सण, निवडणूक वा तंग वातावरण यांच्या प्रसंगीं मनाई आदेश काढतां येतो. त्या मुदतींत सुऱ्याच काय, पण काठ्या बाळगण्यासही बंदी करतां येते. दिल्लींत १९८० सालीं एक अधिसूचना निघून, कळीनें वा अन्य यांत्रिक युक्तीनें उघडणाऱ्या आणि ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब व १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याच्या चाकूंवर निर्बंध आले. रामपुरी म्हणून जो खटकेदार चाकू सर्वश्रुत आहे, तसल्या चाकूंवर तिचा रोख होता हें उघड आहे. आमच्या त्या तरुणाची कळीची सुरी तेथें नेली असती तर तो कोणत्या संकटांत पडला असता, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आपल्याकडील कित्येक मुलें-मुली पुढें परिचर्येच्या कामासाठीं विलायतेस जातात. त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, इंग्लंड व वेल्समध्यें १९८८ च्या कायद्यान्वयें सबळ कारणावांचून सार्वजनिक जागीं बाळगतां येतो तो केवळ मिटणारा चाकू. त्याची धार ३ इंचांहून अधिक नसावी आणि पातें पक्कें अडकणारें नसावें. पातें अडकत असेल तर लांबी कितीही कमी असो, कारण दाखवावें लागतें. कामावर असणें हें सबळ कारण होऊं शकतें. काम संपल्यावर सहज खिशांत राहिला, हें नव्हे. विमानप्रवासांत तर सुरी जवळच्या पिशवींत नेतांच येत नाहीं. ती सामानांत द्यावी.

या सर्व नियमांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: ही वस्तु कशासाठीं आहे? अणकुचीदार टोंक, दुहेरी धार व लपून बसणारी कळ हीं तिन्हीं शरीर भेदण्याच्या सोयी आहेत. त्या रुग्णास घातक, आणि म्हणूनच कायद्यास संशयास्पद. बोथट टोंक, दातेरी धार, भडक रंगाची मूठ व कात्रीचा शेजार हीं सोडविण्याचीं साधनें आहेत. तीं रुग्णास सुखकर, आणि न्यायासनासमोरही आपली साक्ष आपण होऊन देणारीं. आरंभीं आम्ही दोन प्रश्नांचें उत्तर एकच म्हटलें तें याच अर्थानें. मात्र सुरी कमरेस लटकवून बाजारांत मिरविली तर ही साक्ष फुकट जाते. तिची जागा प्रथमोपचाराच्या पिशवींत, कामाच्या वेळेपुरती.

सुरी कशी वापरावी हेंही थोडक्यांत सांगतों. प्रथम आसनपट्ट्याची कळ दाबून पाहावी. पुष्कळदां तो सहज सुटतो. मोटार उलटून मनुष्य पट्ट्यास लोंबकळत असेल तर दोघांतिघांनीं त्याचा भार धरल्यावांचून पट्टा कापूं नये. नाहीं तर तो डोक्यावर आपटेल आणि मानेचें हाड मोडलेलें असल्यास अनर्थ होईल. पट्टा मानेपासून दूर, ताणून धरून, धार रुग्णापासून बाहेरच्या बाजूस करून कापावा. कपडे शिवणीच्या रेषेनें कापावे. अंगांत घुसलेली वस्तु कदापि उपसूं नये. आणि आगीचें वा बुडण्याचें भय नसेल तर सर्वांत आधीं १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावें; महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ पासून चालू आहे.

पालकांच्या मनांत एक भीति नेहमीं असते: "मुलगा मदतीस गेला आणि कांहीं उलटसुलट झालें तर?" २०१९ सालीं मोटार वाहन अधिनियमांत जें १३४-अ कलम घातलें गेलें, त्यान्वयें सद्भावनेनें, स्वेच्छेनें व मोबदल्याची अपेक्षा न धरतां अपघातग्रस्तास मदत करणारावर, मदत करतांना झालेल्या चुकीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊं शकत नाहीं. तेव्हां भिऊन मागें राहण्याचें कारण नाहीं. परंतु हें संरक्षण मदतीस आहे, हत्यारें बाळगण्याच्या हौसेस नाहीं. म्हणून शाळेंतील मुलांस आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, त्यांनीं दप्तरांत कोणतीही सुरी आणूं नये. त्यांच्या प्रथमोपचाराच्या डबीस बोथट टोंकाची कात्री पुरे आहे, आणि ती चालवितां येणें ही कांहीं लहान विद्या नव्हे.

असो. तो तरुण त्या दिवशीं जरा खिन्न होऊनच गेला. दिवाळीच्या सुट्टींत तो पुन्हां आला, तेव्हां त्याच्या पिशवींत पिंवळ्या मुठीची कात्री, तांबडी पट्टाकापणी आणि एक ठेंगणी, बोथट नाकाची सुरी होती. "पहिलीचें काय केलेंस?" असें आम्हीं विचारलें. त्यानें ती दुकानदारास परत केली होती. निम्मेच पैसे मिळाले म्हणाला. "आणि हिचा उपयोग झाला?" आमच्या या प्रश्नावर तो क्षणभर थांबला. "घाटांत एक मोटार उलटली होती," तो म्हणाला. "आंत एक बाई पट्ट्यास अडकून होत्या. आम्ही दोघांनीं त्यांस खांद्यानें तोलून धरलें, कळ दाबली आणि पट्टा सुटला. कांहींच कापावें लागलें नाहीं, सर."

हें सांगतांना त्याच्या मुद्रेवर जें समाधान होतें, तें त्या काळ्या सुरीची कळ दाबतांना आम्हांस दिसलें नव्हतें.